सीगफ्रीड ससूनची युद्धडायरी ओळीओळीने उतरवून काढताना

पहिल्या महायुद्धावरची इंग्रजी कविता वाचायला घेतली की दोन-तीन नावं हमखास समोर येतात, आणि सीगफ्रीड ससून त्यात असतोच. सेनापतींवर दातओठ खाणारा, युद्धाविरुद्ध जाहीर पत्रक काढणारा, शौर्यपदकाची फीत नदीत फेकून देणारा कवी. माझ्याही डोक्यात बरीच वर्षं हाच ससून होता. त्याच्या हस्तलिखित वह्या वाचायला घेतल्या आणि पहिल्याच काही पानांत लक्षात आलं की हा माणूस इथे अजून आलेलाच नाही. इथे एक तिशीच्या आतला, शिकारीच्या घोड्यांत आणि क्रिकेटमध्ये रमलेला तरुण आहे. त्याला युद्ध अजून उदात्त वाटतं आहे, आणि आपण कवी आहोत की नाही याची त्याला खात्री नाही. या तरुणाचा तो प्रसिद्ध ससून कसा होत जातो ते त्याच्याच अक्षरात पाहायचं मी ठरवलं. नुसतं वाचून डोळे पुढे पळतात, म्हणून ओळीओळीने उतरवून काढायचं असंही ठरवलं.

या वह्या कुणालाही घरबसल्या पाहता येतात, हे मुद्दाम सांगायला हवं. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ससूनचा संग्रह २००९ मध्ये साडेबारा लाख पौंडांना विकत घेतला आणि २०१४ मध्ये, युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यातल्या २३ डायऱ्या आणि कवितांच्या दोन वह्या इंटरनेटवर खुल्या केल्या. सगळी मिळून सुमारे ४१०० पानं. मूळ वह्या इतक्या नाजूक झाल्या आहेत की त्याआधी त्या मोजक्याच अभ्यासकांच्या हाती पडायच्या. आता प्रत्येक पानाचा मोठा, स्वच्छ फोटो आहे, आणि तो हवा तितका मोठा करून पाहता येतो.

आणि हो, हा ससून म्हणजे आपल्या ओळखीच्या ससूनांपैकीच. मुंबईची ससून गोदी, काळा घोड्याजवळचं ग्रंथालय, पुण्याचं ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाने उभं आहे, त्या डेव्हिड ससूनचा हा पणतू. त्याच्या वडिलांनी, अल्फ्रेड ससून यांनी, ज्यू धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्यांना वारसाहक्कातून वगळलं. पुढे वडील घर सोडून गेले आणि मुलगा लहान असतानाच वारले. सीगफ्रीड वाढला तो इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, आईच्या माहेरच्या चित्रकार-शिल्पकारांच्या वळणात. घराण्याचं नाव तेवढं त्याच्याकडे राहिलं.

काम सुरू करताना एक गोष्ट ठरवली होती. या डायऱ्यांची छापील आवृत्ती रुपर्ट हार्ट-डेव्हिस यांनी १९८३ मध्ये संपादित केली आहे, पण एक वही पूर्ण उतरवून झाल्याशिवाय ती उघडायची नाही. छापील मजकूर समोर असला की डोळा अक्षर वाचतच नाही, आधीच कळलेलं अक्षरावर चिकटवतो. म्हणून स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात पान आणि उजव्या अर्ध्या भागात माझी कोरी फाइल. त्याची ओळ जिथे संपते तिथेच माझी संपवायची. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात रेघ, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. खोडलेलं काही असेल तर तेही खोडलेल्या अवस्थेतच ठेवायचं.

अक्षर बारीक आणि घट्ट आहे. कागद पुरवून वापरायचा होता, त्यामुळे वह्या छोट्या आणि ओळी गच्च. कधी पेन्सिल, कधी शाई. सुरुवातीला एकेका पानावर बराच वेळ गेला, कारण जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरात एन, यू, व्ही, एम हे सगळे शेवटी उभ्या छोट्या रेघाच असतात. कितीही मोठं करून पाहिलं तरी त्याचा उपयोग नाही, हे लवकर कळलं. एका मर्यादेपुढे शब्द मोडतो आणि नुसते फराटे उरतात. उलट पान लहान करून थोडं लांबून पाहिलं की शब्दाचा आकार ओळखू येतो. अडलेली ओळ तशीच सोडून चार ओळी पुढे जायचं, तिथे तेच वळण सोप्या शब्दात सापडतं, आणि मग मागे यायचं.

खरी किल्ली मिळाली ती ठिकाणांच्या नावांत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश सैन्याचे खंदकांचे नकाशे इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यात फ्रिकूर, मामेत्झ, कार्न्वा, बुआ फ्रांसे ही फ्रान्समधल्या आघाडीवरची नावं सापडली की डायरीतला तोच शब्द पक्का होतो, आणि त्या शब्दातली अक्षरं पुढे दुसरीकडे ओळखता येतात. ब्रिटिशांनी खंदकांना घरच्या रस्त्यांची नावं दिली होती, त्यामुळे एखादा 'रोड' किंवा 'अव्हेन्यू' आला तर तो गावातला रस्ता नसून मातीत खणलेली वाट आहे, हे ध्यानात ठेवावं लागतं. मग लष्करी संक्षेप. बटालियन, कंपनी, कमांडिंग ऑफिसर, मशीनगन, सगळं दोन-तीन अक्षरांत. त्यांची यादी करून ती शेजारी ठेवली. ससून रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या पहिल्या बटालियनमध्ये होता. बटालियनांच्या सरकारी युद्धनोंदी लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या नोंदी आणि ही डायरी यांत जमीन-अस्मानाचं अंतर. सरकारी वहीत तारीख, ठिकाण, किती पडले. ससूनच्या वहीत त्याच दिवसाचं आभाळ असतं, पक्षी असतात, कोण काय बोललं ते असतं.

पण फक्त तेवढंच असतं असंही नाही, आणि छापील पुस्तकात मला हे कधी जाणवलं नव्हतं. वहीत कविता, पलटणीतल्या माणसांच्या याद्या, जखमी आणि मेलेल्यांची नावं, लष्करी व्याख्यानांची टिपणं, खंदकांच्या आकृत्या, पेन्सिलीची रेखाटनं, सगळं एकाच ठिकाणी आहे. काही वह्यांवर खंदकातला चिखल अजून आहे. कुठे मेणबत्तीचं मेण सांडलेलं दिसतं. जमिनीखालच्या खोदलेल्या खोलीत रात्री मेणबत्तीपाशी लिहीत असताना ते पडलं असणार. संपादकाला निवड करावीच लागते, त्यात त्याचा दोष नाही. पण निवड झाली की कविता कवितेच्या पुस्तकात जाते, डायरी डायरीच्या पुस्तकात आणि यादी कुठेच जात नाही. वहीत मात्र तीच पेन्सिल माणसांची यादी करते आणि कवितेची ओळही लिहिते.

मार्च १९१६ ची पानं उतरवताना मी सगळ्यात हळू गेले. १८ मार्चला ससूनचा जिवलग मित्र डेव्हिड थॉमस, डायरीतला टॉमी, गळ्यात गोळी लागून गेला. त्याआधी १ नोव्हेंबर १९१५ ला ससूनचा धाकटा भाऊ हामो गॅलिपोलीत मेला होता. टॉमी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची, १९ मार्चची नोंद अशी: दुपारी तो घोडी घेऊन वरच्या जंगलात निघून जातो, एकटा शोक करतो, आणि झाडाला बांधलेली घोडी लगाम चावत पाय आपटत असते. हेझलच्या झाडांतून पक्ष्यांचे बारीक आवाज येत असतात. मग तो बीच झाडाच्या गुळगुळीत बुंध्यावर खडूने मित्राचं नाव लिहितो, आयव्हीच्या वेलीचा ओबडधोबड हार ठेवतो, आणि मित्राच्या पिवळ्या केसांसाठी प्रिमरोझचं एक पिवळं फूल. या नोंदीत राग कुठेच नाही. दुःखसुद्धा सुंदर असू शकतं असं तो लिहितो, आणि मनापासून लिहितो.

पुढची पानं उतरवत १ एप्रिलपर्यंत आले, तर तिथे तोच माणूस म्हणतो की मी या युद्धात कुणाला मारू शकणार नाही असं आधी म्हणायचो, पण त्यांनी टॉमीला मारल्यापासून दिवसाढवळ्या एखाद्या जर्मनाच्या अंगात संगीन खुपसायला मला आनंद होईल. दोन नोंदींत दोन आठवडेसुद्धा नाहीत. वाचून पुढे गेले असते तर हे कदाचित निसटलं असतं. हाताने उतरवताना निसटत नाही, कारण झाडाखाली रडणारा तो माणूस अजून बोटांतच असतो. हे वाक्य त्याच्या प्रतिमेत बसत नाही म्हणून बाजूला ठेवण्यासारखं नाही. युद्धाने त्याचं आधी हे केलं आणि त्यातूनच पुढचा ससून झाला.

मे महिन्यात याच त्वेषातून तो शौर्य गाजवतो. २५ मेच्या रात्री जर्मन खंदकावर छापा घालायला गेलेली तुकडी तारेच्या कुंपणाशीच अडकली, आणि ससून बंदुकीच्या नि बॉम्बच्या माऱ्यात दीड तास जखमींना ओढून आणत राहिला. त्याच्या आवडत्या कॉर्पोरलला खड्ड्यातून वर काढेपर्यंत तो मरण पावला. मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं ते यासाठी.

आणि १ जुलै १९१६. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचा पहिला दिवस. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यातले १९,२४० मेले. ससून त्या दिवशी राखीव तुकडीत होता आणि फ्रिकूरसमोरच्या टेकाडावरून लढाई पाहत होता. त्याने वेळा घालून टिपणं ठेवली आहेत. पावणेआठला लिहिलं आहे की २१ वी डिव्हिजन डावीकडे पुढे सरकते आहे, लख्ख ऊन आहे, धुराचा पडदा जमिनीवरून वाहतो आहे, आणि खाली यॉर्कशरचे काही शिपाई फुटबॉलचा सामना बघावा तसे ओरडून प्रोत्साहन देत आहेत. साडेनऊच्या नोंदीत तो खोलीत येऊन दाढी करतो. उघड्या रानातून माणसं अजून पुढे जात आहेत, संगिनींवर ऊन चमकतं आहे, आणि वरवर पाहता कुणी पडताना दिसत नाही, असं तो लिहितो.

या शेवटच्या वाक्यापाशी मी फार वेळ थांबले. वरचे आकडे मला माहीत आहेत. त्याला नाहीत. इतक्या अंतरावरून त्याला छोट्या आकृत्या मातीच्या ढिगांमागे दिसेनाशा होताना दिसतात, आणि दिसेनाशा होणं म्हणजे काय हे तो ठरवू शकत नाही. पुढे दहाच्या सुमारास तो लिहितो की उन्हात न्हालेलं नरकाचं चित्र मी बघतो आहे, आणि तरीही पिवळी रानफुलं वाऱ्यावर हलत आहेत, पॉपी लालभडक आहेत. पक्षी गोंधळलेले वाटतात. एक चंडोल वर उडायला लागतो, मग विचार बदलल्यासारखा खालून कसाबसा निघून जातो. १९३० मध्ये त्याने याच डायरीवरून कादंबरीवजा आठवणी लिहिल्या, त्या फार गाजल्या आणि गाजाव्यात अशाच आहेत. पण तो लिहिणारा माणूस युद्ध कसं संपलं हे जाणून होता. दाढी करून बाहेर आलेल्या अधिकाऱ्याला दुपारी काय होणार हेही माहीत नव्हतं. युद्ध आतून कसं दिसतं असं कुणी मला विचारलं तर मी या पानाकडेच बोट दाखवीन.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत प्रेतं जवळून दिसतात आणि भाषेतून फुलं गळून जातात. ३ जुलैला कार्न्वाजवळच्या खोलगट भागात तळ पडलेला असताना लिहिलेली छोटी कविता अजून संध्याकाळ, गवत, माउथ ऑर्गन यांबद्दल बोलते आणि शेवटच्या ओळीत उद्या कुठलं तरी रान जिंकायला जायचं आहे म्हणून कळवळते. ४ जुलैच्या नोंदीत वाटेवरचे मृतदेह आहेत, ताठरलेले, वेडेवाकडे, मानहानी झालेले. तेव्हा एका दिवसात कविता मागे राहते आणि डायरी पुढे निघून जाते. त्याच्या कवितेला डायरी गाठायला पुढे वर्षभर लागलं असं मला वाटतं.

१९१७ च्या वह्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. १६ एप्रिलला अरासच्या लढाईत नेमबाजाची गोळी त्याच्या खांद्यातून आरपार गेली. लंडनच्या रुग्णालयातल्या नोंदीत दिवे मालवल्यावर वॉर्डाच्या जमिनीवर प्रेतं पसरलेली त्याला दिसतात. शेजारी गोल्फ आणि रजेच्या गप्पा चाललेल्या असतात. जूनमध्ये त्याने ते जाहीर पत्रक लिहिलं: ज्यांच्या हाती युद्ध थांबवणं आहे तेच ते जाणूनबुजून लांबवत आहेत. याचा मसुदाही या संग्रहात आहे. ३० जुलैला ते ब्रिटिश संसदेत वाचलं गेलं, दुसऱ्या दिवशी टाइम्समध्ये छापून आलं. लष्कराने खटला न भरता त्याला एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या मनोरुग्णालयात धाडलं. तिथले त्याचे डॉक्टर रिव्हर्स म्हणजे निलगिरीतल्या तोडा लोकांचा अभ्यास करणारे, १९०६ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ. तिथेच ऑगस्टमध्ये विल्फ्रेड ओवेन नावाचा लाजराबुजरा, त्याच्याहून धाकटा अधिकारी त्याला भेटायला आला. ओवेनच्या कवितांच्या कच्च्या खर्ड्यांवर ससूनच्या हाताच्या दुरुस्त्या आहेत. ससूनचं वळण एव्हाना ओळखीचं झालेलं असल्यामुळे ते खर्डे पाहिले तेव्हा कुठला शब्द कुणाचा हे मला ताबडतोब कळलं. एवढ्या एका गोष्टीसाठी केलेली सगळी मेहनत सार्थकी लागली.

उतरवण्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड पानं कवितांची. गद्यात संदर्भाने शब्द भरून काढता येतो, कवितेत तो आधार नसतो, कारण नेमका अनपेक्षित शब्द हवा म्हणूनच कवीने तो घातलेला असतो. १९१८ च्या उन्हाळ्यातली मेणबत्तीच्या उजेडात वेडावाकडा झोपलेल्या तरुणावरची कविता छापील रूपात फक्त आठ ओळींची आहे. वहीतल्या आधीच्या खर्ड्यात आणखी एक कडवं आहे, ते त्याने पुढे काढून टाकलं. मी ते कडवं उतरवलं आणि मग दोन्ही रूपं मोठ्याने वाचून पाहिली. काढलं ते बरोबरच केलं, असं माझं ठाम मत झालं. आठ ओळींत झोपलेला माणूस आणि मेलेला माणूस इतके जवळ येतात की मध्ये काही नकोच. हा निर्णय एका एकतीस वर्षांच्या माणसाचा आहे, आणि त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, स्वतःच्याच बाजूच्या सैनिकाची गोळी डोक्याला घासून जाऊन तो कायमचा मायदेशी परतला होता. कुठे थांबायचं याची इतकी चोख जाण त्याला तेव्हा होती.

एकेक वही संपली की हार्ट-डेव्हिस यांची आवृत्ती उघडून माझे कंस भरून घ्यायचे. बरेच भरले जायचे. काही मात्र छापील पुस्तकात तो भागच नसल्यामुळे उघडेच राहिले आहेत, आणि ते तसेच ठेवले आहेत.

हे काम कुणाला करून पाहायचं असेल तर जून-जुलै १९१६ च्या वहीपासून सुरुवात करावी असं मी सांगेन. तिथे घटना दाट आहेत, ठिकाणांची नावं भरपूर आहेत, त्यामुळे अक्षर लवकर लागतं. पॅलेस्टाइनमधली १९१८ च्या वसंतातली पानं मागाहून घ्यावीत. त्यांत पक्ष्यांची आणि फुलांची नावं ओळीने येतात, आणि हातात पक्ष्यांचं पुस्तक असल्याशिवाय ती उलगडत नाहीत.

युद्धाच्या वह्यांतली ११ नोव्हेंबर १९१८ ची नोंद मी अलीकडेच पूर्ण केली. सकाळी तो ऑक्सफर्डजवळ नदीकाठच्या कुरणांत फिरत असतो. शांत, करडा दिवस. गावातल्या चर्चच्या घंटा वाजू लागतात, लोक गवताच्या छपरांच्या घरांवर छोटे झेंडे लावतात, आणि युद्ध संपल्याचं त्याला कळतं पण पटत नाही. संध्याकाळी तो लंडनला येतो, तिथल्या भिजट रात्री रस्त्यांवर उसळलेला जमाव पाहून त्याला किळस येते, आणि गेल्या चार वर्षांच्या किळसवाण्या शोकांतिकेचा हा किळसवाणा शेवट आहे असं तो लिहितो. ओवेनचा या नोंदीत उल्लेख नाही. तो एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबरला, साँब्र कालव्यावर मारला गेला होता, आणि त्याच्या आईवडिलांना तार मिळाली ती याच ११ तारखेला. ससूनला ते कळायला अजून काही महिने होते.